कर्बोदकाका

आमच्या घरमालकांचं खरं नाव छावणीच्या मतदारयादीत आहे, दारावरच्या पितळी पाटीवर आहे आणि विजेच्या बिलावर आहे. बाकी सगळीकडे ते ‘कर्बोदकाका’. हे नाव त्यांच्या पुण्याच्या भाचीनं ठेवलं. ‘कर्बोदक’ आणि ‘काका’ यांच्या सांध्यावरचा एक ‘क’ तिनं गाळला. ‘काकांनी पोळी गाळली, मी एक क गाळला,’ असं ती सांगते.

बँकेनं मला बदलीवर झाशीला धाडलं तेव्हा जानेवारीचे दिवस होते. मुक्कामापेक्षा मला जेवणाची काळजी जास्त. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब वरचा मजला भाड्यानं देतं असं कळलं, तसा रविवारी सकाळीच जाऊन थडकलो. काका ओसरीत खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. मांडीवर तांबड्या कापडाच्या बांधणीचं लांबलचक रजिस्टर. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, अनामत किती देणार हेही विचारलं नाही.

“सकाळी काय खाल्लंत?”

“पोहे.”

“किती?”

“बशीभर.”

त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, “चाळीस.”

चाळीस हजार अनामत मागतात की काय, म्हणून माझ्या पोटात गोळा आला. “चाळीस काय?”

“ग्राम! चाळीस ग्राम कार्ब! आणि अजून साडेनऊच वाजून राहिले आहेत!”

आतून आवाज आला, “आधी खोली दाखवा त्यांना.” त्या काकू. पुढे राहायला गेल्यावर कळलं, की काकू दिवसाकाठी असं एखादंच वाक्य बोलतात आणि घर त्यावर चालतं.

काकांचे पूर्वज गंगाधरराव नेवाळकरांच्या अमदानीत कोकणातून इकडे आले. १८५३ साली गंगाधरराव वारले, १८५८ साली झाशी इंग्रजांनी घेतली, पण ही मंडळी परत फिरली नाहीत. त्यामुळे काकांचं मराठी बुंदेली पाण्यावर पोसलेलं आहे आणि घरात वरणभात व कढी-बरा एकाच ताटात नांदतात. छावणीतल्या एका सरकारी कचेरीत काकांनी छत्तीस वर्षं हिशेब लिहिले. जन्म छावणीत गेला, अंगावर गणवेश मात्र कधी चढला नाही. ती हौस त्यांनी निवृत्तीनंतर पोटावर भागवून घेतली. पहाटे जवानांच्या तुकड्या रस्त्याच्या उजवीकडून पळत जातात, डावीकडून काका चालत असतात. तुकडीचा हवालदार ‘एक-दो-एक’ म्हणतो. काका ‘वीस-बावीस-चाळीस’ पुटपुटतात. आदल्या रात्रीच्या जेवणाची बेरीज राहिलेली असते.

याची सुरुवात एका चिठ्ठीनं झाली. दोन घरं सोडून लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर राहतात. गल्ली त्यांना कर्नलसाहेब म्हणते. त्यांनी एकदा सहज म्हणून काकांच्या कमरेला टेप लावली. पुरुषानं नव्वद सेंटिमीटरच्या आत राहावं. काका एकशे चारवर होते. उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. म्हणजे मधुमेह नव्हे, पण त्याचं पत्र येऊन पडलेलं. कर्नलसाहेबांनी चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या. काकांनी पहिली ओळ वाचली, ‘कार्ब कमी करा’, आणि चिठ्ठी काकूंच्या हाती दिली. छत्तीस वर्षं फाईलचा पहिला परिच्छेद वाचून सही करणाऱ्या माणसाला चौथ्या ओळीपर्यंत जायची सवय नसते.

मग मात्र त्यांनी विषयाचा मुळापासून अभ्यास केला. आपल्याकडे माणूस नवा पंथ घेतो तेव्हा आधी त्याचा आदिपुरुष शोधतो. काकांना तो लंडनमध्ये सापडला. फिरायला गेलं की मला तो रोज भेटायचा.

“विल्यम बँटिंग! धंदा काय, तर राजघराण्याच्या अंत्ययात्रेची व्यवस्था. इतका लठ्ठ, की बुटाची नाडी बांधता येईना. जिना उतरायचा तर उलट्या पावली! मग हार्वे नावाच्या डॉक्टरानं पाव, साखर, बटाटा, बिअर बंद केली आणि पठ्ठ्या वीसएक किलो उतरला. १८६३ साली स्वतःच्या खर्चानं पुस्तिका छापली त्यानं. लक्षात घे, इकडे झाशी पडली आणि पाचच वर्षांत तिकडे लंडनात बटाटा पडला!”

“पण काका, त्याच्या जेवणात रोज दारू होती म्हणतात.”

“होती. ते कलम आपण वगळलं आहे.”

बँटिंगनंतर १९७२ चे अमेरिकेतले डॉक्टर अ‍ॅटकिन्स, त्याआधी १९२१ पासून अपस्माराच्या मुलांसाठी वापरात आलेला कीटोजेनिक आहार, ही सगळी गुरुपरंपरा काकांना तोंडपाठ होती. अपस्माराचा आणि आपल्या पोटाचा काय संबंध, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सरकारी योजना एकासाठी निघते, लाभ दुसरा घेतो.”

रजिस्टर हा या व्रताचा गाभा. कचेरीतून निवृत्त होताना कोरं राहिलेलं ते रजिस्टर त्यांनी आठवण म्हणून मागून आणलं होतं. रकाने आखलेले होते: दिनांक, बाब, ग्रॅम, शिल्लक, शेरा. रोजची तरतूद पन्नास ग्रॅम. एक पोळी वीस, वाटीभर भात चाळीस. आंबा हा शब्द लिहिताना तांबडी शाई. आता ज्या माणसानं छत्तीस वर्षं सरकारी तरतुदी सांभाळल्या, त्याला तरतूद खर्चायची विद्याही येतेच. त्या मार्चमध्ये होळीच्या रात्री पावणेबाराला मी पाणी प्यायला खाली उतरलो, तर काका स्वयंपाकघरात उभ्यानं गुजिया खात होते.

“काका?”

“बावीस ग्राम शिल्लक आहेत,” ते भरल्या तोंडानं म्हणाले. “पंधरा मिनिटांत लॅप्स होतील. मार्चअखेर आहे.”

दुसऱ्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘तरतूद पूर्णपणे खर्ची पडली.’

असा माणूस शाकाहारी घरात असला म्हणजे त्या घराचे हाल विचारू नयेत. मांसमच्छी खाणाऱ्याला पोळीभात सोडला तरी ताटात काही उरतं. आमच्या काकांनी पोळी सोडली, भात सोडला, बटाटा सोडला आणि वरणाच्या भरवशावर बसले. मग एके दिवशी त्यांनी तक्ता नीट वाचला. तुरीच्या डाळीत प्रथिनं असतात हे खरं, पण तिच्यात निम्म्याहून जास्त कर्बोदकंच. तो दिवस मला आठवतो. काका ओसरीत सुन्न बसले होते. “घरचाच माणूस फितूर निघाला,” एवढंच ते म्हणाले. झाशीत हे वाक्य फार जुनं आहे; किल्ल्याच्या बाबतीतही लोक हेच म्हणतात.

मग पनीर आलं, बदाम आले आणि फ्लॉवरचा भात आला. फ्लॉवर किसून वाफवायचा आणि त्याला भात म्हणायचं. जानेवारीत हे ठीक चाललं. मे महिन्यात झाशीचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा फ्लॉवर शोधायला काका बाजारभर उन्हातून हिंडायचे. पालेभाजी तर गाठोड्यानं. भाजीवाली एकदा म्हणालीच, “काय कक्का जू, गइया पाल लई का?” काकांनी घरी येऊन हे रागारागानं सांगितलं. काकू पालक निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ग्वाल्हेर रोडवर गवत आणि चाऱ्याची सरकारी संशोधन संस्था आहे. बासष्ट सालापासून आहे. तिथं एकदा विचारून बघा.”

वजन मात्र उतरलं. पहिल्या तीन आठवड्यांत पाच किलो. काकांनी विजारी धरून धरून सगळ्या गल्लीला पोट दाखवलं. जुन्या मापाच्या चार पॅन्टी धोब्याला देऊन टाकल्या, म्हणजे परतीचे दोर कापले. कर्नलसाहेबांनी शांतपणे सांगितलं, की शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, त्या साठ्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं; साठा उपसला की आधी ते पाणी जातं. काकांना हे आवडलं नाही. “मी एवढा घाम गाळून राहिलो आणि हे म्हणतात पाणी गेलं,” ते म्हणाले. आपण कर्नलसाहेबांचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत मांडलं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पाण्यानंतर मात्र काटा अडला. काटा म्हणजे न्हाणीघराबाहेरचा काचेचा वजनकाटा. जुन्या घराच्या फरश्या सगळ्या एका पातळीत नाहीत. कुठल्या फरशीवर किती भरतं याचा काकांनी अभ्यास केला होता. देवघरासमोरच्या तिसऱ्या फरशीवर अर्धा किलो कमी भरतं, दाराजवळच्या फरशीवर अर्धा किलो जास्त. सोमवारी ते तिसऱ्या फरशीवर उभे राहत. काकूंना वजन करायला सांगताना काटा दाराजवळ नेत.

वजन अडलं त्याचं कारण त्यांच्या खिशात होतं. झाशी जिल्ह्यात भुईमूग भरपूर पिकतो आणि शेंगदाण्यात कर्बोदकं कमी. तेव्हा काकांच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे दाण्यांनी भरलेले असायचे. शंभर ग्रॅम दाण्यांत कर्बोदकं सोळा-सतरा ग्रॅमच, पण उष्मांक साडेपाचशेच्या वर. हा दुसरा आकडा लिहायला रजिस्टरात रकानाच नव्हता. ज्याला रकाना नाही ते सरकारदरबारी घडलेलंच नसतं.

बाकी शरीर आपापली निवेदनं देत होतं. इसबगोलाचे डबे आले. चिडचिड आली. मधल्या काही आठवड्यांत काकांच्या तोंडाला पिकलेल्या केळ्यासारखा वास येऊ लागला. चरबी जळताना शरीरात जी द्रव्यं तयार होतात त्यांचा तो वास, हे कर्नलसाहेबांनी सांगितलं. पण केळं वर्ज्य असलेल्या घरात चोवीस तास केळ्याचा वास यावा आणि केळं मिळू नये, हा छळ काकूंनी निमूट सोसला.

आषाढी एकादशीला खरा पेच पडला. एकादशी अन् दुप्पट खाशी ही आपली परंपरा, आणि ती दुप्पट सगळी साबुदाणा, वरई, रताळं, बटाटा यांची. काकांनी विचार केला, विचार केला, आणि उपासाचा उपास धरला. संध्याकाळी देवळात भजनाला गेले, तिथं खिचडीचा वास आला आणि ‘विठ्ठल’ म्हणताना त्यांचा आवाज असा काही लागला, की शेजारचे गृहस्थ म्हणाले, “काय भाव आहे हो!”

गणपतीत पहिली घटनादुरुस्ती झाली. झाशीच्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधररावांचं मणिकर्णिकेशी लग्न लागलं आणि ती लक्ष्मीबाई झाली. तिथला गणेशोत्सव म्हणजे इथल्या मराठी घरांचं वर्षाचं माहेर. पानावर उकडीचे मोदक आले. काकांनी त्यातल्या सारणाकडे पाहिलं: गूळ. पारीकडे पाहिलं: तांदूळ. मग गणपतीकडे पाहिलं आणि म्हणाले, “प्रसादात कार्ब धरत नाहीत.” त्या रात्री रजिस्टरच्या पहिल्या पानावर हे कलम नोंदवलं गेलं. महिनाभरात पोटकलमं आली. दुसऱ्याच्या ताटातलं धरत नाहीत. तुटलेलं बिस्कीट धरत नाहीत. चव बघण्यासाठी घेतलेलं धरत नाहीत. स्टेशनवर उभ्यानं खाल्लेलं निम्मं धरतात.

दिवाळीनंतर ग्वाल्हेरला त्यांच्या चुलतघरात लग्न निघालं. मलाही नेलं. त्या पंगतीत मी अर्वाचीन महाराष्ट्राचे आहारपंथ एका रांगेत बसलेले पाहिले. काकूंची पुण्याची बहीण डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या वाटेनं जाणारी: खरी भूक लागेल तेव्हा, दिवसात दोनदाच, आणि पंचावन्न मिनिटांच्या आत. तिनं पहिल्या घासाला मोबाइलवर घड्याळ लावलं. तिच्या शेजारी नागपूरची चुलतबहीण, ऋजुता दिवेकरांची वाचक: घरचं, हंगामी, थोडंथोडं खा आणि तूपभाताला भिऊ नका. तिनं वरणभातावर तूप घेतलं आणि गप्पांना सुरुवात केली. त्यांच्यानंतर काका.

“पनीर वाढ. रस्सा नको,” काका वाढप्याला म्हणाले.

“साहेब, पनीर रस्स्यातच आहे.”

“मग निथळून वाढ.”

तो एकेक तुकडा डावात धरून निथळत राहिला, मागे जिलेबीवाला खोळंबला, त्याच्यामागे मठ्ठा. पुण्याच्या बहिणीच्या पंचेचाळिसाव्या मिनिटाला उखाणे सुरू झाले. वधूपित्यानं हात जोडून रांगेत विचारलं, “जेवण कसं झालं?”

“अठरा,” काका म्हणाले.

“एकावन्न,” मेहुणीबाई म्हणाल्या.

“झकास!” नागपूर म्हणालं आणि आणखी एक जिलेबी मागितली. हे तिच्या पंथात बसतं का, ते मी विचारलं नाही. लग्न होतं.

डिसेंबरात आम्ही सगळे ओरछ्याला गेलो. बेतव्याच्या काठी ऊन कोवळं होतं. बरोबरच्या मंडळींनी गोवऱ्या पेटवल्या, निखारे केले आणि त्यात गकरिया भाजायला टाकल्या. कणकेचे जाड गोळे, बाहेरून करपट, आतून लुसलुशीत; फोडायचे आणि तुपाच्या वाटीत बुडवायचे. सोबत निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. इथं वांग्याला भटा म्हणतात. काकांनी सुरुवात फक्त भरतानं केली. भरीत तिखट लागलं. तिखटावर म्हणून गकरियेचा एक तुकडा घेतला. ‘चव बघण्यासाठी’ हे कलम होतंच. मग तुकड्यातलं तूप संपलं म्हणून तूप घेतलं. तूप उरलं म्हणून गकरिया घेतली. हिशेबाचा माणूस, दोन्ही बाजू जुळल्याशिवाय उठायचा कसा?

“अकरा,” परतीच्या गाडीत काकू म्हणाल्या. त्या दिवसाचं त्यांचं तेवढंच वाक्य.

रात्री काकांनी रजिस्टरात नोंद केली: ‘ओरछा मुक्काम. दौरा भत्ता.’ ग्रॅमच्या रकान्यात एक आडवी रेघ. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबड्या शाईनं दोन रेघा मारून खाली लिहिलं: ‘उद्यापन.’ सकाळच्या नाश्त्याला सदर बाजारातून कचोरी-जिलेबी आली. एकूण अकरा किलो उतरले होते. मार्चपर्यंत नऊ परत आले. धोब्याला दिलेल्या चार पॅन्टींची चौकशी करायला काका स्वतः गेले. धोबी त्यातलीच एक घालून इस्त्री करत होता.

अक्षय्य तृतीयेला दुसरं पर्व सुरू झालं, दिवाळीला त्याचं उद्यापन. संक्रांतीला तिसरं, तिळगूळ प्रसादात धरून. काकांच्या वजनाचा आलेख बेतव्यासारखा झाला. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात दगड, आणि दोन्हीची त्यांना सारखीच ऐट.

मला तेव्हा वाटू लागलं होतं, की काकांचं चुकतंय ते आहारशास्त्रात नव्हे. आपल्या अंगी व्रत मुरलेलं आहे. सोळा सोमवार असोत, एकवीस संकष्ट्या असोत, चातुर्मासातलं कांदा-लसूण-वांगं असो. सोडायला आपण पटाईत. कारण सोडताना शेवटचा दिवस दिसत असतो. त्या दिवशी ब्राह्मण-सवाष्ण जेवायला घालायची आणि मोकळं व्हायचं. काका पोळी सोडू शकत होते, भात सोडू शकत होते, तिन्ही वेळा त्यांनी ते शूरासारखं केलं. दीड पोळी खाऊन ताटावरून उठणं मात्र त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यात सोडल्याचं पुण्य नाही, खाल्ल्याचं पाप नाही, कुणाला सांगण्यासारखं तर काहीच नाही. आणि त्याला उद्यापन नसतं.

तिसऱ्या पर्वाच्या मध्यावर, फाल्गुनातल्या एका सकाळी, धोबी आला. काकूंचा चष्मा सापडेना. “जरा हिशेब वाचून दाखवा हो,” म्हणून त्यांनी मला एक मळकट घडीचा कागद दिला. दोन चादरी, पाच सदरे, असं वाचता वाचता मी कागद उलटला. मागे कर्नलसाहेबांचं अक्षर होतं. चार ओळी.

कार्ब कमी करा. साखर आणि मैदा सर्वांत आधी.
अर्धं ताट भाजी, पाव ताट डाळ-दही, उरलेल्या पावात पोळी किंवा भात.
दोघांनी मिळून रोज चाळीस मिनिटं चाला.
जे पाच वर्षं निभेल, तेवढंच करा.

“काकू, ही तर ती चिठ्ठी!”

“हो. कोरी बाजू चांगली होती, म्हणून ठेवली. दर चार दिवसांनी धोबी येतो, तेव्हा वाचते मी.”

“आणि?”

“आणि काय? दोघांसाठी होती ना.”

मग माझ्या डोळ्यांसमोर गेल्या दोन वर्षांतलं त्यांचं ताट आलं. त्यांनी भाताचा डाव बदलून लहान घेतला होता. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला होता. सकाळी त्यांचा काठिया गव्हाचा दलिया असायचा, भरपूर भाज्या घातलेला. बुंदेलखंडाच्या कोरड्या रानात थोड्या पाण्यावर येणारा हा जाड, लालसर गहू. २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा काकांनी बातमी मोठ्यानं वाचून ‘पण कार्ब ते कार्ब’ असा शेरा मारला होता. एक पोळी, थोडा भात, वाटीभर दाट वरण, आणि ज्या गठ्ठाभर पालेभाज्या काका पहिल्या आठवड्यानंतर बघेनासे व्हायचे त्या सगळ्या. संध्याकाळी त्या छावणीच्या रस्त्यानं चर्चपर्यंत जाऊन यायच्या. आम्हाला वाटायचं दूध आणायला जातात. ओरछ्याला त्यांनी दोन गकरिया खाल्ल्या होत्या, तुपासकट, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दलिया. या सगळ्याला त्यांनी काही नाव दिलं नव्हतं. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काकांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, उलटून धोब्याचा हिशेबही वाचला, त्यात तीन रुपयांची चूक काढली आणि मग म्हणाले, “पहिली ओळ तर बरोबर होती ना?”

ती बरोबरच होती, आणि हे कर्नलसाहेबांनी त्या संध्याकाळी चहाला बसून मान्य केलं. आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे बासष्ट टक्के कर्बोदकांतून येतात असं दिसलं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था धान्याचा वाटा पंचेचाळीस टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. “तुमचं निदान ठीक होतं,” ते म्हणाले, “फाशीची शिक्षा जरा जास्त झाली.” मग त्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा २०१८ चा एक प्रयोग सांगितला. सहाशे नऊ माणसं. निम्म्यांनी कर्बोदकं कमी केली, निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ. वर्षअखेर एका गटाचं सरासरी सहा किलो घटलं, दुसऱ्याचं सव्वापाच. म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांत काहींचं खूप उतरलं, काहींचं चक्क वाढलं.

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “वाढलं त्यांनी दाणे खाल्ले असतील का हो?”

त्यानंतर उद्यापन झालं नाही आणि चौथं व्रतही सुरू झालं नाही. रजिस्टर बंद झालं. उरलेली कोरी पानं काकूंनी धोब्याच्या हिशेबाला लावली, तेव्हा काकांना क्षणभर गलबलून आलं. सरकारी कागद तो. आता संध्याकाळी दोघं चर्चपर्यंत जातात. काकू पुढे, काका मागे, कारण काकूंचा वेग त्यांना झेपत नाही. पहिले दोन महिने काकांना फार जड गेले. भूक नव्हती, पण विषयच नव्हता. माणसं भेटायची, काका तोंड उघडायचे आणि ‘आज जेवणात काय होतं’ यापुढे गाडी जायची नाही. सांगण्यासारखं काही घडलेलंच नसायचं. एक पोळी, थोडा भात, भाजी. हे कुणाला काय सांगणार?

या भाद्रपदात गणेश मंदिरात पंगत बसली. काकांच्या पानावर दोन मोदक आले. त्यांनी दोन्ही खाल्ले, तिसऱ्याला हात आडवा केला, आणि कुठलंही कलम न सांगता पुढे भाजी मागितली. समोरचे गृहस्थ बायकोच्या कानात काहीतरी कुजबुजले. काकांची तब्येत बरी नसावी असं त्यांना वाटलं.

आता वजन किती आहे, ते काकांनी मला चार महिन्यांत सांगितलेलं नाही. काटा सध्या रद्दी तोलायला वापरतात. रद्दीवाला आला की काकू तो देवघरासमोरून उचलून दाराजवळच्या फरशीवर ठेवतात. तिथं अर्धा किलो जास्त भरतं.